सिल्कन लाउमनचं ब्राँझ, आणि ते सोडून बाकीचं सगळं

संथवाहिनी

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर एक ढकलपत्र आलं. एका मुलीचा पाय मोडला, डॉक्टरांनी हात टेकले, तिने जिद्द सोडली नाही आणि ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलं. वर सूर्योदयाचं चित्र, खाली जोडलेले हात. मुलीचं नाव नाही, देश नाही, खेळ कुठला तेही नाही. शेवटी मात्र 'मग तुमचं रडगाणं कशाबद्दल आहे?' असा आपल्यालाच दम.

मुलगी कोण हे मला कळलं, कारण कॉलेजात असताना मी पुण्यात नदीवर दोन वर्षं वल्ही मारली आहेत. आमच्या बोट हाउसच्या भिंतीवर तिचा कुठल्याशा मासिकातून कापलेला फोटो चिकटवलेला होता. सिल्कन लाउमन, कॅनडा, एकेरी स्कल्स (स्कल्स म्हणजे दोन हातांत दोन वल्ही). तो फोटो कोणी लावला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

चीड मला आली ती वेगळ्याच गोष्टीची. तिची बोटीतली कारकीर्द १९८२ ते १९९९, म्हणजे सतरा वर्षं. लोक सांगतात फक्त त्यातले अकरा आठवडे. तेही असे, की वाटावं बाई आधी कोणीच नव्हती आणि पाय मोडल्यामुळे मोठी झाली! म्हणून आधीचं आधी लिहिते.

जन्म १४ नोव्हेंबर १९६४, मिसिसागा, ओंटारिओ. आईवडील जर्मनीहून कॅनडात आलेले. ही आधी धावायची. मोठी बहीण डॅनिएल बोटीत होती, तिच्यामागून ही सतराव्या वर्षी पाण्यावर आली. आपल्याकडे 'फार उशीर झाला' म्हणतील असं हे वय, पण वल्हवण्यात ते चालतं. उंची, फुप्फुसं आणि दुसऱ्या खेळात कमावलेले पाय असले की तंत्र मागाहून येतं. तिच्या बाबतीत ते दोन वर्षांत आलं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला दोघी बहिणी दुहेरी स्कल्समध्ये उतरल्या आणि ब्राँझ घेऊन आल्या. गंमत म्हणजे त्या शर्यतीत रौप्य मिळवलेल्या डच जोडीतल्या ग्रेट आणि निकोलेट हेलेमान्स याही सख्ख्या बहिणीच. सुवर्ण रोमानियाला, आणि त्या जोडीत एलिसाबेता ओलेनियुक नावाची लाउमनच्याच वयाची मुलगी होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बायकांची शर्यत तेव्हा १००० मीटरची होती, पुरुषांच्या निम्मी. ऑलिंपिकमध्ये बायकांचं वल्हवणंच मुळी १९७६ साली, तेही कॅनडातच, माँट्रियलला सुरू झालं. २००० मीटरचं अंतर बायकांना ऑलिंपिकमध्ये मिळालं १९८८ ला.

१९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्ण घेतलं. आता गाडी रुळावर आली म्हणावं तर १९८८ ला सोलमध्ये केय वर्दिंग्टनबरोबर दुहेरीत उतरली आणि सातवी आली. सातवी म्हणजे अंतिम फेरीच्या सहात नाही. आपल्याकडे यानंतर लग्नाची बोलणी सुरू झाली असती.

ती मात्र घर सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला व्हिक्टोरियाला गेली. तिथल्या एल्क लेकवर माइक स्प्रॅकलेन नावाचे इंग्रज प्रशिक्षक कॅनडाच्या पुरुष संघाला घाम गाळायला लावत होते. ही त्यांच्यात जाऊन सराव करू लागली. आपल्यापेक्षा वेगवान बोटींच्या मागे रोज सकाळी झटायचं आणि रोज हरायचं. याचा परिणाम दोन वर्षांत दिसला. १९९० च्या जागतिक स्पर्धेत टास्मानियात रौप्य, १९९१ ला व्हिएन्नात सुवर्ण. जगज्जेती. त्या वर्षी कॅनडातल्या सर्वोत्तम खेळाडूचा लू मार्श पुरस्कारही तिलाच.

म्हणजे १९९२ च्या मे महिन्यात ती जर्मनीत एसेनला गेली ती जगातली पहिल्या क्रमांकाची वल्हेकरी म्हणून. बार्सिलोनाचं सुवर्ण तिचंच, असं धरूनच सगळे चालले होते.

कुकर लावून येते, पुढचं प्रतिसादात लिहिते.

---

टिवल्याबावल्या

ऐन मोक्याच्या क्षणी कुकर! ताई, तुम्ही मालिकांचं लेखन करता का?

---

शंकासुर

वाचतोय. पण एक शंका. एवढ्या मोठ्या तलावात दोन बोटी एकमेकींवर आदळतातच कशा? समोर बघत नाहीत?

---

जुना बोटक्लबी

शंकासुर, नाहीच बघत. हीच तर या खेळाची मेख आहे. कायाकवाला तोंड पुढे करून बसतो. वल्हेकरी पाठ पुढे करून बसतो, जिकडे जायचं तिकडे पाठ. मोठ्या बोटीत कॉक्स असतो, तो तेवढा पुढे बघून सुकाणू धरतो. एकेरीत आणि बिनकॉक्सच्या जोडीत कोणीच नसतं, चार-दोन स्ट्रोकनंतर मान वळवून खांद्यावरून बघायचं, बास.

शर्यतीच्या लेनमध्ये बोयांच्या रांगा असतात, तिथे धोका नाही. धोका अंग गरम करायच्या भागात. तिथे जायची बाजू कोणती, यायची कोणती याचे नियम असतात आणि प्रत्येक तलावावर ते वेगळे असतात. आमच्याकडे संगमाजवळ मला एकदा जलपर्णीच्या गठ्ठ्याने उलटवलं होतं. जलपर्णीही दिसली नाही, तर बोट काय दिसणार!

आणि बोटीचा आकार डोळ्यांसमोर आणा. एकेरी स्कल साधारण आठ मीटर लांब, वजन जेमतेम १४ किलो, रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी. टोक भाल्यासारखं. त्या टोकावर एक छोटा रबरी चेंडू लावायचा नियम आहे, तो याच भीतीपोटी.

---

संथवाहिनी

क्लबी काकांनी माझं काम सोपं केलं. पुढे.

१६ मे १९९२. एसेनच्या स्पर्धेत शर्यतीआधी ती अंग गरम करत होती. समोरून जर्मनीची पुरुषांची जोडी येत होती, कोलिन फॉन एटिंग्सहाउझेन आणि पेटर ह्योल्त्सेनबाइन. दोघांची पाठ तिच्याकडे, तिची त्यांच्याकडे. धडक थेट तिच्या बोटीच्या कुशीत बसली. लाकडाचे तुकडे उजव्या पायात घुसले. नडगीच्या भागातले स्नायू फाटून खाली लोंबले, हाड मोडलं, मज्जातंतूंना इजा झाली. दहा दिवसांत पाच शस्त्रक्रिया. पुन्हा स्पर्धेत वल्हवता येईल का, याचीच शंका होती.

ऑलिंपिकचं उद्घाटन २५ जुलैला. मोजून सत्तर दिवस.

सत्ताविसाव्या दिवशी ती बोटीत बसली. चालता येत नव्हतं, तेव्हा धक्क्यापर्यंत काठीच्या आधाराने आणि बोटीत बसायला दुसऱ्यांची मदत घेऊन. २ ऑगस्टला बार्सिलोनाजवळच्या बान्योलेसच्या तलावावर अंतिम शर्यत झाली. पहिली एलिसाबेता लिपा, ७ मिनिटं २५.५४ सेकंद. ही लिपा म्हणजे १९८४ ची ती ओलेनियुक, लग्नानंतरचं नाव. दुसरी बेल्जियमची अनेलिस ब्रेडाल. तिसऱ्या जागेसाठी अमेरिकेची ॲन मार्डेन, म्हणजे सोलची रौप्यविजेती, शेवटच्या टप्प्यात लाउमनच्या पुढे निघाली होती. लाउमनने तिला गाठलं, मागे टाकलं आणि साधारण सेकंदाच्या फरकाने ब्राँझ घेतलं. वेळ ७:२८.८५. सुवर्णापासून तीन सेकंद आणि थोडं वर.

समारोपाला कॅनडाचा झेंडा तिच्या हातात होता.

एक गोष्ट त्या ढकलपत्रात कधीच नसते. त्या दोन जर्मनांनीही बान्योलेसला पदक मिळवलं, बिनकॉक्सच्या जोडीत रौप्य. त्यांच्या पुढे होते ब्रिटनचे रेडग्रेव्ह आणि पिन्सेंट. अपघातातल्या तिन्ही माणसांनी त्याच तलावावर पदक घेतलं. पटकथेत लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने कापलं असतं.

---

अस्थिपंजर

पेशाने अस्थितज्ज्ञ, म्हणून दोन पैसे माझे.

पाहणाऱ्याला वाटतं वल्हवणं हा हातांचा खेळ, पाय मोडला तर काय मोठंसं? प्रत्यक्षात बसायची सीट रुळावर मागेपुढे सरकते आणि पाय एका फळीला बांधलेल्या बुटांत असतात. गुडघे छातीशी आणायचे, वल्हं पाण्यात टाकायचं आणि पायांनी फळी ढकलायची. जोराचा मोठा वाटा मांड्यांतून येतो, पाठ आणि हात तो पुढे पोचवतात. गुडघे पूर्ण दुमडताना घोटाही पूर्ण वाकावा लागतो. नडगीच्या पुढच्या स्नायूंचं आणि घोट्याचं काम नेमकं तिथे. नव्या त्वचारोपणाखाली अर्धवट स्नायू, जुळत आलेलं हाड, आणि तो घोटा मिनिटाला तीसेक वेळा वाकवायचा, साडेसात मिनिटं. म्हणजे एका शर्यतीत सव्वादोनशेच्या आसपास वेळा.

माझा रुग्ण असता तर मी परवानगी दिली नसती. स्पष्ट सांगतो. जंतुसंसर्ग झाला असता तर पाय गेला असता. अशा गोष्टींच्या यशाचं आपण गाणं गातो, आणि माझ्याकडे पोरं येतात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात कबड्डी खेळून. 'डॉक्टर, त्या अमक्याने तर ऑलिंपिक खेळलं.' अरे, अमक्याच्या मागे फिजिओ, सर्जन आणि पोषणतज्ज्ञ यांची फौज होती. तुझ्या मागे तुझा मामा आहे.

---

टिवल्याबावल्या

मामा जखमी. :)

---

मिसिसागाकर

मी इथे १९८९ पासून आहे. डॉक्टरसाहेबांचं पटतं, तरी त्या उन्हाळ्यातलं वातावरण सांगतो, म्हणजे इथे ती एवढी मोठी का झाली ते कळेल.

१९८८ ला कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनचं प्रकरण झालं. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकला, उत्तेजक सापडलं म्हणून तीन दिवसांत सुवर्ण काढून घेतलं. मी आलो तेव्हा चार्ल्स डुबिन या न्यायमूर्तींच्या आयोगापुढे त्याची सुनावणी रोज टीव्हीवर चालायची, नुकत्याच आलेल्या मला वाटायचं या देशात हाच एक कार्यक्रम आहे. लोक खरोखर शरमले होते. पुढचं उन्हाळी ऑलिंपिक बार्सिलोनाचं. त्यात ही बाई काठी टेकत धक्क्यावर येते, पदक घेते आणि कारणं सांगत नाही. आमच्या कारखान्यातला फोरमन, आयुष्यात हॉकीपलीकडे काही न बघितलेला माणूस, दुसऱ्या दिवशी स्कल आणि स्वीप (प्रत्येकाकडे एकच वल्हं) यातला फरक सांगत होता.

खरं म्हणजे त्या ऑलिंपिकात कॅनडाच्या बायकांनी वल्हवण्यात तीन सुवर्णं घेतली. आठ जणींची बोट, चौघींची आणि जोडी. मार्नी मॅकबीन आणि कॅथलीन हेडल या दोघींनी तर प्रत्येकी दोन. सोलला लाउमनबरोबर सातवी आलेली केय वर्दिंग्टन, तिचीही दोन! पण लोकांना आठवतं ते ब्राँझ. हेडल २०२१ च्या जानेवारीत कर्करोगाने गेली, तीन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेली बाई, आणि माझ्या इथेच वाढलेल्या मुलाला तिचं नाव माहीत नव्हतं. संथवाहिनी, तुम्ही ढकलपत्रावर चिडलात, तशी माझी ही चीड.

अवांतर: हा देश वल्हवण्याचा फार जुना शौकीन. टोरोंटोचा नेड हॅनलन १८८० ते १८८४ एकेरीचा व्यावसायिक जगज्जेता होता. टोरोंटो बेटांच्या एका टोकाला त्याच्याच घराण्याचं नाव आहे, हॅनलन्स पॉइंट. आणि पोर्ट क्रेडिटला क्रेडिट नदीच्या मुखाशी सकाळी सहाला गेलात तर अजूनही शाळकरी पोरं डोक्यावर बोट घेऊन जाताना दिसतात. मी तिथे चहाचा थर्मास घेऊन बसतो. इथल्या आयुष्यातला सगळ्यात स्वस्त आनंद.

---

संथवाहिनी

मिसिसागाकर, हेडलबद्दल अगदी पटलं. वेगळा धागा तुम्हीच काढा.

---

कटुसत्य

सगळं छान चाललंय. १९९५ चं कोणी बोलेल का? की भक्तिभावात ते बसत नाही?

---

संथवाहिनी

बोलणारच होते, कटुसत्य. 'बाकीचं सगळं' असं शीर्षकातच लिहिलंय.

१९९३ ला तिने विश्रांती घेतली. १९९४ ला जागतिक स्पर्धेत परतली आणि दोन चुकीच्या सुरुवातींमुळे बाद झाली. दोन वर्षांनी परत यायचं आणि सुरुवातीच्या रेषेवरच संपायचं. मला वैयक्तिक विचाराल तर पायापेक्षा हे जास्त लागलं असेल.

मग मार्च १९९५, अर्जेंटिनात मार देल प्लाता इथे पॅन अमेरिकन स्पर्धा. ती चौघींच्या स्कल्समध्ये होती, बरोबर मार्नी मॅकबीन, वेंडी वीब आणि डायन ओग्रेडी. सुवर्ण जिंकलं. नंतरच्या चाचणीत लाउमनच्या नमुन्यात स्यूडोएफेड्रिन सापडलं. सर्दीचं औषध. बेनाड्रिल या नावाखाली बऱ्याच गोळ्या मिळतात. त्यातली साधी गोळी नियमात चालणारी होती. तिने घेतलेल्या गोळीत चोंदलेलं नाक मोकळं करायचा जादा घटक होता, आणि तो बंदीच्या यादीत. पदक चौघींचंही गेलं.

तिने फसवायला घेतलं असं तेव्हाही फारसं कोणी म्हटलं नाही. पण नियम गोळीमागचा हेतू बघत नाही.

---

कटुसत्य

म्हणजे वेष्टन वाचलं नाही. जगज्जेतीला एवढं कळू नये? बाकी तिघींचा काय दोष?

---

अस्थिपंजर

तिघींचा काहीच दोष नाही, आणि सांघिक बोटीत हा अन्याय अटळ आहे. पण औषधांच्या नावांचा घोळ खरा असतो. आपल्याकडेही एकाच नावाच्या पुढे 'प्लस', 'कोल्ड', 'डी' लागलं की आतलं औषध बदलतं, आणि रुग्ण सोडाच, काउंटरवरचा मुलगाही तेच देतो.

या औषधाचा पुढचा इतिहासही गमतीचा आहे. २००० ला सिडनीत रोमानियाच्या अँड्रिया रादुकान या सोळा वर्षांच्या जिम्नॅस्टचं सुवर्ण याच औषधापायी गेलं. संघाच्या डॉक्टरांनी दिलेली सर्दीची गोळी. २००४ ला स्यूडोएफेड्रिन यादीतून काढलं, नुसती नजर ठेवायची ठरली. २०१० पासून परत घातलं, पण लघवीत ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तरच दोष. म्हणजे वर्ष बदललं की तीच गोळी गुन्हा, नाहीतर फक्त सर्दीवरचा उपाय.

---

मिसिसागाकर

जॉन्सननंतर सात वर्षांनी हे झालं, त्यामुळे इथे पोटात गोळाच आला होता. पण तिने समोर येऊन 'गोळी मी घेतली, चूक माझी' असं सांगितलं. त्यामुळे लोकांनी तिला जॉन्सनच्या रांगेत कधी बसवलं नाही. कटुसत्य, तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. बाकी तिघींना तो सल राहिला असणारच.

---

शंकासुर

माझी शंका अजून तशीच आहे. डॉक्टर म्हणतात परवानगी दिली नसती. मग तिने वल्हवायला हवं होतं की नव्हतं? ब्राँझ मिळालं म्हणून बरोबर, चौथी आली असती तर मूर्खपणा, असं कसं चालेल?

---

संथवाहिनी

खरं सांगू? मी विशीत होते तेव्हा उत्तर सोपं होतं. आता माझी मुलगी अठराची आहे. तिने असं काही केलं तर मी धक्क्यावर आडवी पडेन.

पण एक बघा. तिच्या हातात दोनच पर्याय होते असं नाही. तिसराही होता. उतरायचं, सेमीफायनलपर्यंत जायचं आणि सन्मानाने 'प्रयत्न केला' म्हणून घरी यायचं. कोणी बोट दाखवलं नसतं. १९९१ ची जगज्जेती ब्राँझवर खूश होते, यामागे तिने आधी स्वतःशी केलेला कुठलातरी हिशेब असणार. सुवर्णाच्या तयारीने निघालेली बाई तिसऱ्या जागेसाठी मार्डेनशी जिवाच्या आकांताने भांडते. सुवर्णासाठी कोणीही भांडेल.

---

जुना बोटक्लबी

आणि अटलांटा विसरू नका! १९९५ च्या फिनलंडमधल्या टॅम्पेरेच्या जागतिक स्पर्धेत रौप्य, म्हणजे त्या गोळीच्या भानगडीनंतर काही महिन्यांत. मग १९९६, लेक लेनियर. बेलारूसची येकातेरिना खोदोतोविच पहिली, लाउमन दुसरी, तीनेक सेकंदांनी, डेन्मार्कची त्रिने हानसेन तिसरी. वय एकतीस. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात भारी शर्यत. पायाची गोष्ट चार वर्षं जुनी झालेली, सहानुभूती संपलेली, मागच्या वर्षीची बदनामी ताजी, समोर नवी पिढी. (खोदोतोविचने २००० ला परत सुवर्ण घेतलं, तेही फोटो फिनिशवर.) पण याचं ढकलपत्र कोण करणार? पाय धडधाकट होते ना!

लिपाबद्दलही एक ओळ. १९८४ ते २००४, सहा ऑलिंपिक, पाच सुवर्णं, एकूण आठ पदकं. लाउमनच्या पहिल्या पदकाच्या वेळी ही पुढे, १९९२ लाही हीच पुढे. बार्सिलोनाला तर तिने एकेरीच्या जोडीला दुहेरीतही रौप्य नेलं. धडधाकट लाउमन तिला हरवू शकली असती का, यावर आम्ही बोट हाउसच्या पायऱ्यांवर बसून किती चहा संपवला असेल!

---

कावेरी

मी खेळातली नाही, शाळेत समुपदेशक आहे. लाउमनचं नाव मला वेगळ्याच वाटेने माहीत. २०१४ ला तिचं आत्मकथन आलं. त्यात पायाचं आहेच, पण घरातल्या तणावाबद्दल, आईशी असलेल्या कठीण नात्याबद्दल, खाणं टाकण्याच्या आजाराबद्दल आणि नैराश्याबद्दल तिने उघड लिहिलं. तोवर देशाला माहीत होती ती हसरी, काठी टेकणारी सिल्कन. पुढे तिने मानसिक आरोग्यावर बोलणाऱ्या लोकांसाठी एक संस्थाही सुरू केली.

डॉक्टरसाहेबांनी त्या कबड्डीपटूंचं सांगितलं. माझ्याकडे दुसऱ्या टोकाची मुलं येतात. 'तिने मोडक्या पायाने केलं, मला सकाळी उठवत नाही, म्हणजे मीच नालायक.' त्यांना मी तिचं हे नंतरचं सांगते.

---

टिवल्याबावल्या

या प्रतिसादावर माझ्याकडे विनोद नाही. कावेरीताई, वाचनखूण साठवली.

---

चांदवडकर

उशिरा आलो. वल्हवण्याचा धागा आणि आमच्या दत्तू भोकनळचं नाव नाही? आमच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खणायचा, मग सैन्यात गेला आणि पुण्याला लष्कराच्या केंद्रात पहिल्यांदा वल्हं हातात धरलं. दुष्काळी गावातला पोरगा, पोहायलाही येत नव्हतं. २०१६ ला रिओत एकेरी स्कल्समध्ये तेरावा. भारताचा तिथला एकमेव वल्हेकरी तो.

लाउमनशी मी त्याची तुलना करणार नाही. पण २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो तापाने फणफणलेला होता, शेवटी आला. दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत बसला आणि सुवर्ण आणलं. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि आमचा दत्तू. आदल्या दिवशी लोक मोबाइलवर काय काय लिहीत होते ते मला आठवतंय.

---

अस्थिपंजर

चांदवडकर, तापात वल्हवायलाही मी परवानगी दिली नसती. :)

---

चांदवडकर

डॉक्टर, तुमच्याकडे कोणी परवानगी मागायला येतच नाही, हाच तुमचा प्रॉब्लेम.

---

शंकासुर

काल रात्री १९९२ ची ती शर्यत शोधून तीनदा बघितली. हवं होतं की नव्हतं, ते अजून ठरत नाही. पण वेगळीच शंका आली. क्लबी काका, सगळ्या पाठमोऱ्या. मग मार्डेन आपल्या पुढे गेली हे लाउमनला कळलं कसं?

---

जुना बोटक्लबी

छान विचारलंस. एकेरीत तुला दिसतात त्या फक्त तुझ्या मागे पडलेल्या बोटी. पुढे असलेली दिसत नाही. म्हणून आघाडीवर असणं सोपं, सगळी शर्यत डोळ्यांसमोर असते. लिपाला सगळ्या दिसत होत्या.

मार्डेन मागे होती तोवर लाउमनला दिसत होती. बरोबरीला आली की डोळ्यांच्या कोपऱ्यात तिचं वल्हं, पाण्याचा आवाज, मग तिच्या बोटीचं मागचं टोक. ते टोकही सरकून गेलं की डोळ्यांसमोर मोकळं पाणी. तेव्हा समजायचं, गेली. मग ती किती पुढे आहे ते कळत नाही, मान वळवली तर लय मोडते. आपण मारत राहायचं. आणि नशीब असेल तर ते टोक हळूहळू परत नजरेत येतं.

---

शंकासुर

आता चौथ्यांदा बघतो.